नदीपलीकडेही उघडलं नाही

प्रिय मोनाली,

त्या दिवशी सकाळी मी सडा टाकला, चूल पेटवली, शिळ्या भाताला फोडणी दिली आणि तुझ्या बाबांचं जाळं दांडीवरून उतरवलं. जाळ्यात आदल्या दिवशीची एक बारीक मासोळी वाळून अडकली होती, ती कोंबडीला टाकली. तू तेव्हा तिसरीत. एका वेणीला रिबीन होती, दुसरी सापडत नव्हती, म्हणून दारात पाय आपटत उभी होतीस. रिबीन मी खर्रा घोटायच्या पाटीखालून काढून दिली आणि मग त्याच पाटीशी बसून बाबांचे दिवसभराचे पाच खर्रे घोटले. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचा आणि मनगट भरून येईपर्यंत ती पन्नी पाटीवर घासत राहायची. एकदा तलावात उतरले की दुपारपर्यंत त्यांच्या पोटात काही नसायचं. तोंडात खर्रा असला की भूक कळत नाही म्हणायचे.

बाकीच्या सकाळी सोडून हीच का आठवते, तर तुझ्या पुस्तकावरून मी अक्षरं लावायला शिकले होते आणि त्या सकाळी तंबाखूच्या पुडीवरची सूचना मी कोणाला न विचारता पूर्ण वाचली. मोठ्याने. कर्करोग हा शब्द तीनदा जोडावा लागला. बाबा म्हणाले, आता मास्तरीण झाली तू. तू टाळ्या वाजवल्यास. मला वाचता आलं याचाच आनंद एवढा, की वाचलं काय, तिकडे लक्षच गेलं नाही. मी पुडी फोडली आणि पाचवा खर्रा घोटला.

इकडे बरं आहे. धान घरात आलं. नीलाबाईच्या रोशनीचं लग्न या आठवड्यात आहे, तिने तुझी आठवण काढली. परवा फोनवर तू विचारलंस की आई, आवाज का उतरला, आणि मी सर्दी सांगितली. सर्दी नव्हती. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं राहून जातं, म्हणून लिहिते.

बाबांचं ऑपरेशन व्हायच्या आधी तंबाखू सोडवणाऱ्या संस्थेची एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती, आठवतं ना. ऑपरेशनात अर्धा जबडा गेला, त्याबरोबर बोलणं गेलं, आणि सात महिन्यांनी ते गेले. म्हणजे त्यांचा आवाज उरला तो त्या वेबसाइटवर तेवढाच. मस्कतला जाण्याआधी तू ते पान माझ्या फोनवर लावून दिलंस, बोट ठेवलं की उघडायचं. दोन वर्षं मी चूल पेटवून झाली की ऐकत होते. "माझं नाव डोमा. मी तलावावर मासोळ्या धरतो." मग खोकतात. मग ती मुलगी प्रश्न विचारते आणि ते हसतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी पान उघडलं नाही. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजी ओळ. वडसाला अंकुशकडे गेले, तो ऑनलाइन फॉर्म भरतो तो. त्याने वाचून सांगितलं, ही वेबसाइट तुमच्या भागात दाखवता येत नाही. मी म्हटलं, का? तो म्हणाला, तंबाखू विकणाऱ्या वेबसाइटी बंद करून राह्यले असतील, हिच्याही नावात तंबाखू आहे, त्यात ही पण गेली असेल. नक्की त्यालाही माहीत नाही. मी म्हटलं, अरे, ही तर सोडा म्हणून सांगणारी आहे. तो म्हणाला, "मशीनले काय समजते काकू?" आणि बोलता बोलता गालातला खर्रा दुसरीकडे सरकवला. त्याच्या दुकानासमोर तीन पानठेले आहेत. ते कोणाच्या भागात येतात हे मी त्याला विचारलं नाही.

घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच, आपला भाग म्हणजे कोणता? आपल्या जिल्ह्यात दारू बंद आहे. ज्याला प्यायची तो वैनगंगेचा पूल ओलांडतो, पलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथे चालू आहे. मग हेही तसंच असेल. हसू नको. मला ते अगदी बरोबर वाटलं. सोमवारी मी फोन पूर्ण चार्ज करून पूल ओलांडला. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर बाकावर बसले आणि बोट ठेवलं. तीच ओळ. वाटलं, नदी अजून जवळ आहे, म्हणून बाजारापर्यंत चालत गेले. तिथे एका ओट्यावर बसले, तिथेही तीच. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "काय हरवलं बाई?" मी फोन पदराखाली घेतला. त्यांनी कनवाळूपणाने पन्नी उघडून माझ्यापुढे खर्रा धरला.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. ते बोलणं मी शेवटपर्यंत कधीच ऐकलं नाही. ती मुलगी विचारते, "खर्रा तुम्हाला कोण देतं?" बाबा हसतात. तिथे मी बंद करायची. दोन वर्षं, रोज तिथेच. ते माझं नाव घेतील ही भीती. ते हसणं कौतुकाचं की आणखी कसलं, तेही कळत नाही. सूचना वाचता येणारं घरात मोठं माणूस मी एकटीच होते आणि खर्राही मीच घोटत होते. उघडं होतं तोवर उद्या ऐकू म्हणत राहिले. आता बंद झालं तर ऐकल्याशिवाय चैन नाही. माझंच मला समजत नाही.

तिकडून ते पान उघडतं का बघ. उघडलं तर फोनवर पाठवू नको. आधी तू एकटी बसून शेवटपर्यंत ऐक आणि हसल्यानंतर बाबा काय म्हणतात ते कागदावर लिहून पाठव, मला सावकाश वाचता येईल असं, मोठ्या अक्षरात. माझं नाव असेल तर तेही लिही. आईला वाईट वाटेल म्हणून गाळू नको. गाळलेलं मला कळेल. एवढ्यासाठीच हे पत्र. ब्रह्मपुरीहून आले त्या संध्याकाळी नीलाबाई निरोप घेऊन आली होती, लग्नाच्या पाहुण्यांना खर्रा तुझ्याच हातचा पाहिजे, तुझ्यासारखा गावात कोणी घोटत नाही, पाटी मांडून ठेवली आहे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी लग्नघरी गेले, पाटी ओलांडून आत गेले आणि संध्याकाळपर्यंत तांदूळ निवडले.

तुझीच,
आई