घरात घालायचे बूट

आई, शाळा सुरू व्हायच्या आधीची ती संध्याकाळ तुला आठवते का? सीताबर्डीच्या दुकानात आपण दोघी लाकडी बाकावर बसलो होतो आणि तू परीक्षा घेत होतीस. माझी नव्हे, बुटाची. कॉन्व्हेंटच्या नियमाप्रमाणे काळा, नाडीचा, चकचकीत बूट हवा होता. तू तो नाकाशी नेऊन वास घेतलास, पोळीसारखा मधोमध दुमडलास, टाच काउंटरवर आपटलीस आणि दुकानदाराला विचारलंस, “मॅट्रिकपर्यंत जाईल का?” मी तेव्हा चौथीत होते. दुकानदार बिचारा म्हणाला, “बाई, पोरीचा पाय वाढेल ना!” त्यावर तू मोठ्या मापाचा जोड मागितलास आणि पुढे कापूस कोंबायचा ठरवलास. सगळा व्यवहार झाल्यावर बूट माझ्या पायात आला. “आई, टाचेला चावतो गं,” मी म्हणाले. “नवा आहे, चावणारच. पंधरा दिवसांत ओळख होईल त्याला तुझी,” तू म्हणालीस, जणू आपण कुत्रा घ्यायला आलो होतो. घरी आल्यावर तू बुटाच्या कडेला खोबरेल तेल लावलंस. माझ्या टाचेलाही लावलंस, पण बुटाला आधी.

आणि तो बूट दाराच्या आत यायचा नाही, हा तर तुझा कायदाच होता. एकदा शाळेत निघताना डबा विसरला म्हणून मी बुटासकट स्वयंपाकघरात धावले, तर तू डब्याकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलं नाहीस, नुसती माझ्या पायांकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, “काय गं पोट्टे, रस्ता आणलास ना माझ्या देवापुढे?” पिण्याचं पाणी ओतून दिलंस, फरशी धुतलीस, आणि मला शाळेत उशीर झाला. तिकडे सिस्टरनी दारातच विचारलं, काय झालं? “नथिंग, सिस्टर. आय अ‍ॅम व्हेरी वेल, थँक यू,” मी म्हणाले. शाळेने मला हे एक वाक्य पक्कं शिकवलं. ताप असो, टाच सोललेली असो, उत्तर हेच.

हे सगळं मी तुला आता अ‍ॅरिझोनातून लिहिते आहे. आमचं गाव चँडलर, इथे उन्हाळ्यात गाडीचं स्टिअरिंग हाताला तव्यासारखं लागतं. तुझा जावई चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि निवृत्तीच्या गोष्टी करतो, निवृत्त होत नाही. तू गेलीस तेव्हा तुझी नात माझ्या पोटात होती. ती आता रेंजर आहे. रेंजर म्हणजे काय ते तुला कसं सांगू? डोक्यावर गोल काठाची टोपी, अंगात गणवेश, आणि ती जगप्रसिद्ध दरी बघायला आलेल्या लोकांना घेऊन खाली उतरायचं, त्यांना खडकांबद्दल सांगायचं आणि सगळ्यांना जिवंत वर आणायचं. आम्हाला वाटलं होतं इंजिनिअर होईल. मराठी मंडळात कुणी विचारलं की मी म्हणते, “सरकारी नोकरीत आहे.” तुझा जावई पुढे जोडतो, “सेंट्रल गव्हर्नमेंट.” मग लोक मान डोलावतात आणि कुणी जास्त विचारत नाही.

पण तिला ते दिसतं, आई. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती तिथे नोकरी करायला लागल्यापासून आम्ही कितीदा तरी गेलो. वरून दरी बघितली, फोटो काढले, डब्यातले पराठे खाल्ले आणि परत आलो. ती ज्या वाटेवर रोज चालते त्या वाटेवर मी कधी पाऊल ठेवलं नाही. आधी गुडघे, मग पाहुणे, मग ऊन. या वर्षी तिची अलास्काला बदली ठरली तेव्हा ती फोनवर म्हणाली, “आई, यू हॅव नेव्हर सीन व्हॉट आय डू.” आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी म्हणाले, “मी येते. या मे महिन्यात तुझ्याबरोबर खाली उतरते.” मग ती म्हणाली, “इन व्हॉट? चपला?” आणि तिने हुकूम सोडला, “नो बूट्स, नो ट्रेल.”

तर अशी मी म्हातारपणी पुन्हा बूट घ्यायला गेले. दुकान केवढं, तर आत एक खोटी टेकडी बांधलेली! बूट घालून त्या टेकडीवर चढायचं आणि उतरायचं. आजूबाजूला सगळे धट्टेकट्टे लोक आणि त्यांच्यात मी, पंजाबी ड्रेस आणि डोंगराचे बूट, ओढणी सांभाळत खोटा डोंगर चढते आहे. दाढीवाला एक मुलगा माझ्यापुढे गुडघ्यावर बसून नाड्या बांधत होता. त्याने विचारलं, “हाउ आर दे फीलिंग?” आई, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बुटाला सोडून माझ्या पायांना विचारत होतं. आणि मी काय म्हणावं? “व्हेरी नाइस, थँक यू.” करंगळी पार चेपली होती. तुझ्या जावयाने खिशातून कागद काढून वॉरंटी, वजन आणि सोलचा प्रकार वाचून दाखवला. बूट घेतले. रात्री मुलीचा फोन.

“डिड दे हर्ट?”

“थोडे.”

“डिड यू टेल हिम?”

“कसं सांगायचं गं? बिचारा खाली बसला होता, एवढ्या प्रेमाने नाड्या बांधत होता.”

“आई! दॅट्स हिज जॉब!”

पुढच्या सुट्टीला ती स्वतः आली आणि ते बूट परत करायला मला घेऊन गेली. तुझी परीक्षा मी तिला करून दाखवली, बूट मधोमध दुमडून. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. जो मधोमध दुमडतो तो दगडावर पायाचे हाल करतो, म्हणे. बूट फक्त बोटांपाशी वाकला पाहिजे, आणि फडकं पिळतो तसा पिळू गेलं तर पिळला जाता कामा नये. एका बुटात इतकी मऊ गादी होती की माझा पाय आत बसला आणि उठेना. मी म्हणाले, हाच. ती म्हणाली, “एव्हरी बूट इज नाइस फॉर फाइव्ह मिनिट्स. आस्क इट आफ्टर थ्री अवर्स.” शेजारी उभा असलेला तुझा जावई म्हणाला, “लग्नाच्या आधी हे कुणी सांगितलं नाही.” त्या मऊ गाद्या महिनाभरात बसतात म्हणे, आपल्या जुन्या कापसाच्या गाद्यांसारख्या, आणि त्या पिंजून घ्यायची सोय नसते. शेवटी तिने निवडलेला जोड अंगठ्याने दाबला की जरासा दबायचा आणि लगेच वर यायचा. चढताना टाच उचलली जात नव्हती, उतरताना बोटं पुढे आपटत नव्हती. संध्याकाळी सुजलेल्या पायाने खरेदी करायची, ही तुझी एकच गोष्ट तिने मान्य केली. बाकी सगळ्यात तू नापास.

खरी पंचाईत पुढे होती. दाढीवाला मुलगा म्हणाला, हे घरात घालून फिरा, रोज थोडा थोडा वेळ. काही खुपलं तर परत आणा. मात्र बाहेर घालायचे नाहीत, तळाला माती लागली तर परत घेणार नाही. मुलगी म्हणाली, “हर्ड दॅट? इनसाइड द हाउस.” आई, माझ्या घरात अमेरिकन प्लंबरसुद्धा बूट काढून येतो. विमानतळावर हल्ली सगळ्यांना बूट काढायला लावतात, तेव्हा रांगेत मला एकटीलाच बरं वाटतं, की निदान इथे तरी या लोकांना वळण लागतं आहे. आणि माझे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात आहेत, मसाल्यांच्या वरच्या फळीवर.

पहिले काही दिवस मी बिछान्यावर बसून बूट घालायची आणि पाय हवेत हलवायची. तुझ्या जावयाने ते पाहिलं आणि मला समोर बसवून समजावलं. “हे बघ, चप्पल अशुद्ध कशाने? रस्त्याने. हा बूट रस्त्यावर गेलाय का? नाही. मग तो अजून बूट नाहीच. त्याची मुंज व्हायची आहे.” मला हे पटलं नाही, तरी देवांच्या कपाटाचं दार लावून घेतलं, मनात तुला हाक मारली, आणि जिना चढले. उतरले. पुन्हा चढले. हळूहळू मी बूट घालून भाजी चिरायला लागले, कपड्यांच्या घड्या करायला लागले. घरभर दणदण आवाज. तुझा जावई म्हणायचा, “पोलीस आले वाटतं.”

मग चैत्राचं हळदीकुंकू आलं. मी सकाळपासून आंब्याची डाळ आणि पन्हं करण्यात इतकी बुडाले होते की पायात काय आहे ते विसरूनच गेले. दाराची बेल वाजली. पलीकडच्या गल्लीतल्या पुण्याच्या काकू आधी आल्या, वेळेच्या पाच मिनिटं आधी, नेहमीप्रमाणे. दारात सँडल काढले, नीट भिंतीशी लावले, आणि वर बघायच्या आधी त्यांचं लक्ष खाली गेलं. माझ्या अंगावर पैठणी, हातात कुंकवाचा करंडा.

“अहो, हे काय?”

“बूट.”

“ते दिसतंय मला. घरात?”

“हे घरातलेच आहेत. बाहेर घालायची परवानगी नाही.”

“म्हणजे सोवळ्यातले बूट?”

“तसंच काहीसं.”

मला वाटलं, झालं, आता मंडळभर होणार. पण त्या सोफ्यावर बसल्या, पन्ह्याचा घोट घेतला आणि हळूच म्हणाल्या, “आत मऊ आहेत का हो? माझ्या टाचा सकाळी फार दुखतात. बाकीच्या यायच्या आत जरा घालून बघू?” त्यांना ते सैल झाले. तरी माझ्या दिवाणखान्यात त्या दोन फेऱ्या मारून आल्या, निऱ्या हातात धरून, आणि उतरवताना म्हणाल्या, “हे कुणाला सांगू नका.”

मे महिन्यात मी गेले. पहाटे वाट सुरू होते तिथे बाकीचे प्रवासी गोळा झाले होते आणि तुझी नात टोपी घालून प्रत्येकाचे पाय तपासत होती. एका उंच माणसाला तिने परत पाठवलं, सपाता बदलून या म्हणून, आणि तो निमूट गेला. मग माझ्यापुढे ती गुडघ्यावर बसली, माझ्या नाड्या सोडल्या आणि घोट्याशी वेढा देऊन पुन्हा बांधल्या. वाट उतरायला लागली. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. ती पुढे चालत बोलत होती, हा दगड कधी समुद्राच्या तळाशी होता, तो कधी वाळू होता, आणि मोठमोठी माणसं शाळेतल्या मुलांसारखी ऐकत होती. मधेच एक धिप्पाड गृहस्थ खडकाला टेकला, चेहरा पांढरा, घाम. ती धावली नाही. जवळ जाऊन म्हणाली, “सिट. ड्रिंक. स्मॉल सिप्स. नो, यू आर नॉट फाइन, सो डोन्ट टेल मी यू आर.” आई, शब्द इंग्रजी होते, पण आवाज तुझा होता. तू तिला पाहिलं नाहीस, मी तिच्यापुढे तुझी नक्कल कधी केली नाही. मग तो तिच्याकडे आला कुठून? त्या माणसाचा रंग परत आला, तो उठून उभा राहिला आणि तिला मॅडम म्हणाला. मला उगीचच रडू यायला लागलं, म्हणून मी खडक बघू लागले.

त्याच वळणावर ती माझ्याकडे आली आणि मराठीत म्हणाली, “चावतायत का?”

तिच्याकडे मराठीचे शब्द मोजकेच आहेत. हा कधी उचलला कोण जाणे. माझ्या तोंडावर ते शाळेचं वाक्य आलंच होतं. पण या बाईला खोटं चालत नाही, ते आत्ताच बघितलं होतं. “बूट नाही चावत,” मी म्हणाले, “गुडघा दुखतोय. आणि मला भीती वाटते आहे.” ती हसली. “देन वी टर्न हिअर.” मी म्हणाले, अगं अजून जरा पुढे जाऊ, मला बघायचंय. तर म्हणाली, “द बूट्स कॅन गो डाउन. यू कॅन्ट.” मग तिने सगळ्यांना वळवलं नाही, सोबतच्या दुसऱ्या रेंजरच्या हाती त्यांना दिलं, आणि माझ्याबरोबर वर आली. अर्ध्या वाटेत नुसतं म्हणाली, “यू केम.” मी म्हणाले, “हो.” पूर्ण चढ संपेपर्यंत ती माझ्या पायांच्या वेगाने चालली.

हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून ते इथेच राहील. पण एक सांगून ठेवते, कुणाला तरी सांगायला हवं. माझ्यामागे तुझ्या पाटल्या भाचीला द्यायच्या, नात त्या घालणार नाही आणि तिने घालाव्यात असं मला आता वाटतही नाही. पैठणी पुण्याच्या काकूंच्या सुनेला, तिचा जीव आहे तिच्यावर. देव मात्र नातीलाच. ती त्यांना कुठल्याही फळीवर ठेवो, बुटासकट आतबाहेर करो, मी काही अट घालत नाही आणि तूही घालू नकोस. पुरणयंत्र तुझ्या जावयाला, म्हणजे ते कशासाठी असतं ते त्याला कळेल. आणि बूट वाटेच्या सुरुवातीला रेंजर लोकांची खोली आहे तिथे द्यायचे. बुटांशिवाय येणाऱ्यांना द्यायला तिथे एक खोकं असतं. माझ्या मापाची एखादी बाई कधी तरी येईलच.

पण इतक्यात नाही. तळ अजून चांगला जाड आहे. मी अलास्काचं सप्टेंबरचं तिकीट काढलं आहे, एकटीचं, आणि तुझ्या जावयाला ते अजून सांगितलेलं नाही.