लाल डबीतल्या गोळ्या

अण्णा, तुमची छर्‍यांची, हवेच्या दाबाची बंदूक माळ्यावरून खाली काढली. आई नको म्हणत होती, शिडीवरून पडशील म्हणाली, आणि मी ऐकत नाही म्हटल्यावर स्वतःच खाली शिडी धरून उभी राहिली. बंदूक तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या पांढऱ्या कोटात गुंडाळलेली होती. दस्ता धड होता, नळीवरचा गंज वरवरचाच होता, पण आतला चामडी वॉशर पार वाळून गेला होता आणि स्प्रिंग बसली होती. दोन्ही बदलून घेतली. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आता ही भिंतीवर लावा, शोभंल." मी म्हटलं, भिंतीवर लावायला नाही आणली. येत्या रविवारी नेमबाजी क्लबाच्या स्पर्धेत स्प्रिंगच्या बंदुकांच्या गटात मी नाव दिलंय. सतराव्या वर्षी सोडलेली गोष्ट. आता केस निम्मे पांढरे झालेत, वाचायला चष्मा लागतो, आणि तरी नाव दिलंय. कारण एकच आहे. त्या निवड चाचणीच्या दिवशी चुकला तो माझा हातच होता का, हे मला एकदाचं कळायला हवंय.

तुम्ही राजारामपुरीतल्या दवाखान्यात कंपाउंडर. सकाळभर आणि संध्याकाळभर लोकांना गोळ्या द्यायच्या, आणि मधल्या दुपारी घरी येऊन मला गोळ्या मारायला शिकवायचं. शेजारचे त्यावरून चेष्टा करायचे आणि तुम्हीही हसायचात. स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून मधल्या खोलीतून परसातल्या न्हाणीच्या भिंतीपर्यंत दहा मीटर भरतात, हे तुम्ही बँडेजच्या गुंडाळीनं मोजलं होतं. भिंतीला चिंध्यांनी ठासून भरलेलं पोतं, त्यावर पुठ्ठा. मी बंदूक आवळून धरायचे, कारण आपल्या गावात काहीही धरायचं म्हणजे आवळूनच धरायचं असतं. तुम्ही माझी बोटं एकेक करून सैल करायचात. "नाडी बघतात तसं धर. आवळलीस तर तुझीच नाडी लागंल." स्प्रिंगच्या बंदुकीची गंमतच ती. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच ती पुढेमागे हिसडते, तिला हिसडू द्यायचं, अडवायचं नाही. हे मला वर्षभरानं जमलं, आणि जमलं त्या दिवशी तुम्ही आईला चहाऐवजी कॉफी करायला लावलीत.

आणि लाल डबी. मलमाची गोल, पत्र्याची डबी होती ती. त्यात शिशाच्या त्या कमरेत बारीक गोळ्या असायच्या. तुम्ही सांगितलं होतं की या गोळ्या मिरजेहून येतात, तुमच्या ओळखीचा एक माणूस मुद्दाम पाठवतो, आणि आपल्या बंदुकीला फक्त हीच गोळी लागू पडते. हा शब्द तुमचा, दवाखान्यातला. माणसामाणसाला औषध वेगळं लागू पडतं तसं बंदुकीचंही असतं म्हणायचात. पुढे मोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलं की ते खरंच असतं, प्रत्येक नळीची आपली एक आवडती गोळी असते. एकदा क्लबातल्या मैत्रिणीनं तिच्या चकचकीत डब्यातल्या चपट्या तोंडाच्या पाच गोळ्या मला दिल्या. मी त्या मारल्या आणि पाचही भोकं एकात एक गेली. मी पुठ्ठा नाचवत तुमच्याकडे आले. तुम्ही तो बघितलात, घडी घातलीत, खिशात ठेवलात आणि इतक्या कडक आवाजात बोललात की आई आतून बाहेर आली. "पेशंट रोज गोळ्या बदलाय लागला की आजार बरा हुत न्हाय. नाचता येईना अंगण वाकडं, असली पोर मला नको. गोळी चुकत न्हाय. चुकतो त्यो हात." त्यानंतर मी कुणाच्या डब्याला हात लावला नाही.

निवड चाचणीत शेवटच्या काही गोळ्या कुठल्या कुठे गेल्या. मला आठवतं, प्रत्येक बार मनासारखा सुटत होता. नळीच्या टोकावरची माशी बरोबर, श्वास बरोबर, बोट बरोबर, आणि पुठ्ठा जवळ आला की भोक भलतीकडे. एक वर, एक उजवीकडे, मधेच एक अगदी मधोमध, मला चिडवायला. थोडक्यात निवड हुकली. परत येताना मी स्कूटरवर तुमच्या मागे बसले होते. गोळी चुकत नाही हे मला पाठ होतं, मग राहिलं काय? हात. माझा हात वाईट आहे, तो वेळेला दगा देतो, हे मी त्या स्कूटरवर ठरवून टाकलं, आणि पुढची सगळी वर्षं तसंच वागले. गाडी शिकले नाही. रांगोळी काढायला कुणी बोलावलं की पुढे झाले नाही. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा पहिले सहा महिने शिरेतून रक्त काढायची वेळ आली की मी दुसऱ्या कुणालातरी पुढे करायचे. हसू नका. तुमच्या एका वाक्यावर मी इतकं बांधलं होतं.

तर गेल्या रविवारी दुपारी आईकडे मी गोळ्यांची चाचणी घ्यायला बसले. आता लॅबमधली इतकी वर्षं अंगात मुरली आहेत. नमुन्यावर नाव दिसलं की माणूस हवं तेच बघतो, म्हणून नाव झाकायचं. बाजारातून तीन तऱ्हेच्या गोळ्या आणल्या, एक चपट्या तोंडाची, एक गोल तोंडाची आणि एक परदेशी, महागडी. आणि चौथी तुमच्या लाल डबीतली. डबीत थोड्याच उरल्या होत्या. त्या वापरायच्या की ठेवायच्या यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं. ठेवल्या असत्या तर तुमची आठवण राहिली असती. पण त्यांना बाजूला ठेवून केलेली चाचणी ही चाचणीच नव्हे. शेवटी आईलाच म्हटलं, चार वाट्यांत तूच काढ, वर फडकं टाक, आणि कुठली कुठल्या वाटीत ते मला सांगू नको. आई ओट्यापाशी स्टुलावर बसली. मी नळी बिजागरीत मोडून तिच्यापुढे धरायची आणि स्वतःचं तोंड भिंतीकडे करायचं, तिनं अंगठ्यानं गोळी बसवायची. मग तांदळाच्या पिशवीवर डावा हात टेकून त्यावर बंदूक अलगद ठेवायची, म्हणजे माझ्या दंडाची चूक त्यात येणार नाही. प्रत्येक वाटीच्या पहिल्या काही गोळ्या मोजायच्याच नाहीत, नळीला नव्या गोळीची सवय होईपर्यंत. आणि एकही भोक, कितीही लांब गेलं तरी, "ही माझी चूक" म्हणून सोडून द्यायचं नाही. आईला मजा येत होती. "तुझ्या लग्नात बी एवढा घोळ घातला न्हवता आपण," म्हणाली.

संध्याकाळी फडकी काढली. चपट्या तोंडाच्या गोळीचा पुठ्ठा बघितला तर सगळी भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. महागडीची त्याहून जरा फाकलेली, गोल तोंडाचीही. आणि तुमच्या गोळ्यांचा पुठ्ठा म्हणजे घरात पाव्हणे येऊन जावेत तशी पांगापांग. मी म्हणून पाहिलं की शिसं जुनं झालं, पांढरी बुरशी धरली, आता ते काय सरळ जाणार. उरलेल्या गोळ्या एका ताटलीत ओतल्या आणि चष्मा लावून बघितल्या. बुरशी नावालाच होती. पण त्या एका जातीच्या नव्हत्याच. काही लांब, काही बुटक्या, कुणाची कंबर जाड, कुणाचा घेर दबलेला. दोन-तीन निरनिराळ्या गोळ्यांची भेसळ होती ती.

"आई, या मिरजेच्या गोळ्या ना?"

"मिरजेचं काय घेऊन बसलीस? म्हाद्वार रोडला एक दुकान हुतं, तिथं ज्या आल्या असतील त्या हे आणायचं. कधी असल्या, कधी तसल्या. कधी म्हैनाम्हैना यायच्याच न्हाईत. डबी तेवढी एकच."

"अण्णांना माहीत होतं हे?"

"व्हय की. आणायचं कोण, मी?" आई फडकं झटकत म्हणाली. मग तिनं त्याची घडी घातली. "तू त्या चाचणीस्नं आलीस, जेवली न्हाईस, दुपारीच पांघरूण घिऊन पडलीस. तर हे हितंच बसलं. अशाच ताटात सगळ्या वतल्या आन् एकेक उचलून बघत ऱ्हायलं. मी म्हटलं, सांगा की पोरीला. तर म्हणालं, आधी सांगितलं असतं तर तिचा हात थरथरला असता, आन् आता सांगितलं तर बापानं घात केला म्हणंल. त्या दिसापासनं डबीला हात लावला न्हाय त्यांनी."

मी ताटली बाजूला ठेवली. अण्णा, मला राग आला. फार राग आला, आणि तुम्ही समोर असता तर मी आवाज चढवला असता, मग शेजाऱ्यांनी ऐकलं असतं तरी बेहत्तर. मला दवाखान्यातलं तुमचं लाल औषध आठवलं. ज्या माणसाला खरं म्हणजे काहीच झालेलं नसे, त्याला डॉक्टर ते गोड लाल पाणी द्यायला सांगत आणि तुम्ही बाटली हलवून गंभीर चेहऱ्यानं देत होतात. घरी येऊन सांगायचात, "इश्वास बी औषधच हाय." मला तुम्ही तेच दिलंत. चांगल्या गोळ्या मिळत नव्हत्या म्हणून भरवसा दिलात. तो लागूही पडला, खोटं कशाला बोलू. माझी बोटं सैल झाली ती त्या डबीवरच्या भरवशानंच. पण लाल पाणी ज्याला काही झालेलं नाही त्याला द्यायचं असतं, अण्णा. मला त्या दिवशी खरी गोळी हवी होती. अंगण खरंच वाकडं होतं, आणि मी तीसबत्तीस वर्षं पायांना दोष देत बसले.

राग दोन दिवस टिकला. लॅबमध्ये सगळ्यांवर खेकसले. तिसऱ्या दिवशी सकाळी एका आजोबांची शीर सापडत नव्हती, मुलींनी मला हाक मारली, आणि सुई शिरेत गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की अवघड शिरांसाठी सगळे मलाच बोलावतात आणि हे कितीतरी वर्षं चाललंय. मी कधी त्याचा अर्थच लावला नव्हता. त्या संध्याकाळी थेट आईकडे गेले आणि चपट्या गोळ्या घेऊन उभी राहिले. पिशवीचा टेकू नाही, नुसती उभ्यानं. दंड भरून आले. भोकं नाण्याखाली मावली नाहीत, वाटीच्या बुडाखाली मावली. परवा त्याहून जवळ आली. काल एक फार लांब गेली, ती माझी होती, गोळीची नव्हती, आणि हे आता मला नक्की सांगता येतं याचा मला इतका आनंद झाला की आईला कळेना नेम चुकूनही मी का हसतेय. रविवारपर्यंत मी रोज जाणार आहे. नंबर येईल असं नाही. तिथल्या पोरी माझ्या निम्म्या वयाच्या आहेत आणि त्यांच्या बंदुका बघून आपली बंदूक लाजेल. पण मी शेवटची गोळी सुटेपर्यंत उभी राहणार आहे, आणि जे भोक पडेल ते माझं म्हणून घरी आणणार आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. आईला वाटतं, फडक्याखालची कुठली वाटी कुठली ते मला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. तिसऱ्या वाटीची पहिली गोळी सुटली आणि मी आवाजावरून ओळखलं. नळीत सैल बसणाऱ्या त्या गोळ्यांनी बंदूक जराशी जास्त खणकते, आणि लहानपणी आपल्या घरात दुपारभर तोच आवाज असायचा. नियमानं तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. उलट त्या वाटीच्या प्रत्येक गोळीला श्वास जास्त जपून धरला, बोट जास्त हलकं केलं, बाकी तिन्ही वाट्यांसाठी केलं नाही इतकं सगळं केलं. तुम्ही खरे ठरावेत असं मला फार वाटत होतं, अण्णा. त्या दुपारी माझा हात सगळ्यात चांगला चालला तो तुमच्याच गोळ्यांना.