एकोणीस शून्यं

हरसूल,
सोमवार, १८ जून २००७

प्रिय खुर्शीदा,

माझं अक्षर बघून दचकली असशील. वर्ष झालं तुझी सटाण्याला बदली होऊन, आणि या वर्षभरात मी तुला साधा ईदेचा फोनसुद्धा केला नाही. रागावली असलीस तर खुशाल रागाव. पण पत्र शेवटपर्यंत वाच. शाळेत असताना माझी चिठ्ठी अर्धी वाचून तू दप्तरात कोंबायचीस, तसं आज करू नकोस.

इकडची बातमी म्हणजे शाळा उघडली आणि आपली चूल थंड आहे. आपली म्हणजे कणसरी बचत गटाची. तू मुख्याध्यापक असताना शाळेच्या मागच्या पडवीत आम्ही दहा जणी पोरांसाठी भात शिजवायचो, ती चूल. यंदा तालुक्याच्या कचेरीने सगळंच बदललं. आजूबाजूच्या चौदा शाळांचं जेवण एकाच गटाकडे द्यायचं, आणि तेही गुण मोजून. स्वच्छतेला गुण, भांड्यांना गुण आणि मागील कामगिरीला वीस गुण. त्या विसांपैकी आम्हाला मिळालं शून्य, आणि शून्यवाल्यांचा अर्ज बाद. गुणांनी माझं आधीही एकदा वाटोळं केलंय. तुझा डी.एड.ला नंबर लागला आणि माझा दोन गुणांनी हुकला. तेव्हा आपण दोघी भद्रकालीतल्या तुमच्या घराच्या जिन्यात बसून रडलो होतो. तू तर पास होऊनही माझ्यापेक्षा जास्त रडलीस. मग माझं लग्न झालं, मी इकडे डोंगरात आले आणि नेमकी तूच इथल्या शाळेत बाई म्हणून आलीस. त्या दिवशी मला वाटलं होतं, माझं सगळं भरून निघालं.

शून्य का, ते सांगते. मागच्या वर्षी फेब्रुवारीत तांदळाची गाडी आली होती ना? सखुबाईने पहिलं पोतं उसवलं आणि हातच मागे घेतला. सोंडे, अळ्या, जाळी धरलेली. दुसरं उसवलं, तिसरं उसवलं, सगळी तशीच. तू धावत आलीस. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. तू तेव्हा मला बाजूला घेऊन काय म्हणालीस, ते मी इथे लिहीत नाही. बाहेर दीडशे पोरं ताटल्या घेऊन बसली होती आणि त्यात तुझी उजमा पहिल्या रांगेत.

पुढचं तूही पाहिलंस. सखुबाई म्हणाली, “बाई, ह्यो तांदूळ म्या ढोरालाबी घालनार नाय,” आणि पदर खोचून घरी निघून गेली. अर्ध्या तासात टोपली घेऊन आली. मग भागीबाई आली, बायडाबाई आली, आणि ज्यांचा गटाशी काही संबंध नाही त्या घरांतूनही बाया आल्या. नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी. दुसऱ्या दिवशी कुणी सांगितलं नाही तरी सगळ्या आल्याच. नवीन तांदूळ येईपर्यंत शाळेचे एकोणीस दिवस हे चाललं. एकही पोर उपाशी घरी गेलं नाही. उजमा सखुबाईच्या हातची भाकर मागून खायची आणि तू तिला डोळे वटारायचीस.

आता माझा शहाणपणा ऐक. वही माझ्याकडे असायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, किती ताटं लिहू? सखुबाई माझ्यावर उखडलीच. “ती काय सरकारची भाकर हाय व्हय? आपली पोरं, आपली भाकर. मयताच्या घरी भाकर नेती, तवा वही घिऊन जाती का तू?” इथे कुणाच्या घरी माणूस गेलं की तिथे चूल पेटत नाही, वाडीतून भाकरी जातात. किती गेल्या, कुणाच्या गेल्या, हे कुणी मोजत नाही आणि नंतर बोलूनही दाखवत नाही. मला तिचं पटलं. रकान्यावर छापलं होतं ‘शासकीय तांदळातून दिलेली ताटं’. तशी दिली नव्हती, म्हणून मी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. एकोणीस दिवस, एकोणीस शून्यं. प्रत्येकाखाली तुझी सही आहे. कचेरीच्या लेखी ते एकोणीस दिवस आमची चूल बंद, म्हणून कामगिरीला शून्य.

त्याच गाडीतला तांदूळ दुसऱ्या शाळांतही उतरला होता. तिथे तो चाळून शिजवला आणि पोरांना वाढला. त्यांच्या वहीत एकही शून्य नाही, त्यांना विसापैकी वीस. खुर्शीदा, हे मला सहन होत नाही. ज्यांनी अळ्या खायला घातल्या ते पास आणि ज्यांनी आपल्या घरची भाकर दिली ते नापास? मी हरकतीचा अर्ज दिला. लिहिलं, तुम्ही चूल किती दिवस पेटली ते मोजता, पोरं जेवली का ते विचारतच नाही. कामगिरी म्हणजे नक्की काय, ते एकदा सांगा.

पहिली सुनावणी गेल्या सोमवारी झाली. आम्ही दहाही जणी गेलो. साहेब वाईट नव्हते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, तांदूळ खराब होता तर लेखी तक्रार कुठे आहे? पोती चांगली मिळाली अशी पोहोच आहे, त्यावर मुख्याध्यापकांची सही आहे. लेखी तक्रार का केली नाहीत? बाकी नऊ जणींनी माझ्याकडे पाहिलं, कारण लिहिणारी मी. आणि मी मान खाली घातली. बाहेर आल्यावर कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. भागीबाईचा नवरा गेल्यापासून तिचं घर या कामावर चालतं, पण तीच मला म्हणाली, “जाऊ दे, बाई. राहतं लिवायचं यखाद्या टायमाला.” तिला वाटतं मी विसरले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी विसरले नव्हते. तक्रार लिहून माझ्या हातात तयार होती, आणि तू माझा हात धरून म्हणालीस, “प्रतिभा, देऊ नकोस गं. मी पोती न उघडताच पोहोच दिलीय, माझी नोकरी जाईल.” मी तो कागद तुझ्यासमोर चुलीत घातला आणि हे आजपर्यंत घरातही कुणाला सांगितलेलं नाही. येत्या गुरुवारी अकरा वाजता शेवटची सुनावणी आहे. साहेब तोच प्रश्न पुन्हा विचारणार. या वेळी मी मान खाली घालणार नाही, त्या नऊ जणींसमोर मला ते जमणार नाही. आणि खोटं बोलायचं म्हटलं तर तेही जमत नाही गं. जमत असतं तर त्या एकोणीस रकान्यांत मी दीडशे-दीडशे लिहून मोकळी झाले असते. म्हणून तुला आधी कळवते आहे. माझ्या तोंडून तुझं नाव निघण्याआधी तू स्वतः ये. सटाण्याहून पहाटेची गाडी धरलीस तर वेळेत पोहोचशील. मी कचेरीच्या पायरीवर थांबते. आत जाताना तुझा हात माझ्या हातात असेल. तू आली नाहीस तरी मी आत जाणार आहे, आणि विचारलं की सांगणार आहे.

अजूनही तुझीच,
प्रतिभा