पाच पाट्यांची खोली

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सह्या करून कागद परत पाठवले आहेत. नव्या कंपनीला दुसरा संचालक घरचाच हवा, म्हणून तुझ्या मोठ्या साहेबांनी वसतिगृहाच्या निवृत्त रेक्टरबाईंना, म्हणजे मला, संचालक केलं, हे ऐकून शेजारीण पोट धरून हसली. मलाही बरं वाटलं. घरातलं शेंडेफळ संचालक झालं! रजा आता कुणाकडे मागतोस ते कळव. आणि आपली कंपनी विकते तरी काय?

लोभ आहेच, वेळेवर उत्तर आलं तर वाढेल.
ताई

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रजा अजून हेडक्लार्ककडेच मागतो. आपली कंपनी काहीच विकत नाही. गोदामाच्या वर एक खोली आहे. दारावर पाच कंपन्यांच्या पाट्या, आत एक खुर्ची. पाचांतली एक आपली. मूळ कंपनी या पाचांना कागदावर माल विकते. माल गोदामातून हलत नाही, पण विक्री फुगते, शेअर चढतो आणि साहेबांचा फोटो छापून येतो. सोमवारी मी पाट्या पुसतो.

राजीनामा द्यायला गेलो होतो. साहेबांनी चहा मागवला. हसत म्हणाले, खुशाल जा, तुझ्या सह्या आहेत की इथे.

माया असू दे, यंदा जरा जास्तच.
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, पण रागासकट.

याला लबाडी म्हणतात. रात्री खिडकीतून आत शिरणाऱ्या माझ्या वसतिगृहातल्या मुलीसुद्धा तुझ्यापेक्षा बरी कारणं द्यायच्या. ताबडतोब तपास कार्यालयात जा आणि सगळं सांग. पाट्या काय पुसत बसलास!

ताई

२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मूळ कंपनी बुडाली, हे तू वाचलंच असशील. फाटकाला सील आहे. मोठे साहेब उपचारासाठी परदेशी गेले, म्हणे. कॅन्टीनवाल्याने आयुष्यभराची शिल्लक शेअरमध्ये घातली होती. तो रोज माझ्या दाराशी येऊन बसतो. मी मागच्या जिन्याने ये-जा करतो. साहेबांचे वकील सांगतात, तोंड उघडू नकोस, आम्ही सांभाळू.

तू जा म्हणतेस. दोनदा तपास कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परतलो. आत गेलो की पहिला प्रश्न येणार, दुसरी संचालक कोण? तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. हवं तितकं रागव, पण पुन्हा जा म्हणू नकोस.

तुझाच,
धाकटा

६ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी मिळालं. दुपारी मी इथल्या तपास कार्यालयात होते. अधिकाऱ्याला वाटलं, म्हातारी पत्ता चुकली. मी म्हटलं, दुसरी संचालक मीच. त्याने विचारलं, न वाचता सही केलीत? मी म्हटलं, हो, भाऊ मोठा झाला या आनंदात केली. त्याने मान खाली घालून ते लिहून घेतलं. पासपोर्ट ठेवून घेतला. शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद आहे. वकीलबाईंच्या मते हे काही वर्षं चालेल, शिक्षाही होऊ शकते.

तेव्हा तुला माझ्यासाठी गप्प बसायची आता सोय राहिली नाही. यापुढे गप्प राहिलास, तर ते तुझ्या साहेबांसाठी.

तिथे येऊन तुझा कान धरून त्या पायऱ्या चढवल्या असत्या. आता ते जमणार नाही. एकट्यानेच चढ. आणि घरातून पुढच्या दाराने निघ.

लोभात काडीची घट नाही.
ताई