खंडेनवमीला फ्रीजरमधली कात्री

तीर्थस्वरूप पद्मजाताईस,

पार्ल्याहून धाकट्या शरच्चंद्रचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, कंबर तशीच आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? नाहूरची लिफ्ट चालू झाली का? इकडे सगळं ठीक, फक्त तुझी अबोली माझ्याशी बोलत नाही.

झालं असं, की खंडेनवमीला अंधेरीला तिच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती आणि पेढे खायला तिनेच मला बोलावलं. जाऊन बघतो तर नारळ-फुलं एका गरगर फिरणाऱ्या डब्यापुढे! आता तूच सांग, खंडेनवमीला शस्त्रं पुजायची की मिक्सर? खरी शस्त्रं फ्रीजरमध्ये पडलेली. तिनेच मला जेवताना समजावलं होतं, की विषाणू चालून आला की जिवाणू आपल्या विकरांनी (म्हणजे कात्रीच समज) त्याच्या डीएनएचे तुकडे करतात. स्वतःच्या डीएनएवर मात्र बारीक खूण करून ठेवतात, ती दिसली की कात्री चालत नाही. तीच कात्री ही मंडळी प्रयोगाला वापरतात. अशा शूरांना साधं कुंकूही नाही? अबोली पेढे वाटायला गेली तशा मी फ्रीजरमधून कात्रीच्या नळ्या काढून ओळीने मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, निरांजन लावलं. शेजारी आरएनएच्या नळ्या होत्या, त्याही उघडून आत बोटाने कुंकू टेकवलं. उगाच दुजाभाव नको.

ही कात्री थंडीतच टिकते हे मला काय माहीत? फोटो, भाषणं आटपून ती आली तोवर निरांजनाच्या उबेत सगळी कामातून गेली होती. आरएनए तर माझ्या बोटानेच संपवला. म्हणे आपल्या कातडीवरच आरएनए कापणारं विकर असतं, जंतूंपासून राखण करायला. (निवृत्त कारकुनाच्या बोटावर शस्त्र! मला जरा अभिमान वाटला आणि मी तो बोलून दाखवला. तिथेच वाट लागली.) सोमवारी साहेबांना दाखवायचं तिचं वर्षभराचं काम होतं ते. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मामा, तू घरी जा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून बॅग भरते आहे.

तुझा,
शरच्चंद्र

ता.क. खरं कारण आता लिहितो. ती कायमची नाहूरला यायचं म्हणते आहे. तिला ठेवून घेऊ नकोस गं. तुझी भावजय माणिक गेल्यापासून संध्याकाळी या दाराला बाहेरून किल्ली लावणारी ती एकटीच. तो आवाज आला की मी आमटी गरम करायला ठेवतो. तिला सांग, जिवाणूसुद्धा घरचं ओळखून कात्री आवरतो.

आणखी ता.क. यापुढे उघड्या हाताने तिच्या कशालाच शिवणार नाही. हे पत्रही हातमोजे घालून लिहिलंय, म्हणून अक्षर असं. मोज्यांचा तो खोका ती सकाळपासून शोधते आहे. तिला यातलं काही बोलू नकोस.