पाचरीचं रिकामं टोक

१२ सप्टेंबर १८९२, ओहायो
सकाळी लॅटिन. दुपारी कॉलेजच्या मैदानावर फुटबॉलचा सराव. जेवायला उकडलेलं बीफ. आईला पत्र टाकलं, सगळं ठीक आहे म्हणून.
धाकटा भाऊ आल्विन ऑगस्टमध्ये टायफॉइडने गेला. तो आमच्या टीममध्ये होता. त्याच्या जाण्याचा खेळावर परिणाम होऊ द्यायचा नाही, असं कॅप्टन म्हणून ठरवलं आहे. यंदा एकही मॅच हरायची नाही.

१९ सप्टेंबर
धर्मशास्त्राच्या वर्गातला बर्डिक आल्विनच्या जागी खेळायला तयार आहे. अंगाने बैल. त्याला बाहेर बसवलं, कारण केस आखूड. टकरीत डोकं फुटू नये म्हणून आम्ही सगळे जूनपासून केस वाढवतो. शेवटच्या मॅचपर्यंत कात्री नाही. बर्डिक म्हणाला, कॅप्टन, देवाने मला कवटीच जाड दिलीय. नियम म्हणजे नियम.
आल्विनचे केस डॉक्टरांनी तापात कापले. तेही मला पटलं नव्हतं.

८ ऑक्टोबर
पहिली मॅच. आमचा हुकमी डाव म्हणजे पाचर: एकमेकांत हात अडकवून त्रिकोण करायचा, बॉल आतल्या गड्याच्या पोटाशी, आणि धावायचं. टोकाला आल्विन असायचा. यंदा टोक रिकामं ठेवून अकराऐवजी दहाजणच खेळवले. समोरचे चकतील असा हिशेब. ते त्या फटीतून थेट आत आले आणि बॉल धरलेल्या आमच्या पिकेटच्या छातीवर बसले.
हरलो. वारा उलटा होता.

२२ ऑक्टोबर
हरलो. रेफरी त्यांचाच गणिताचा मास्तर. पाचर बांधताना पिकेट म्हणाला, कॅप्टन, पुढचं दार लाव रे, थंडी येतेय. सगळे हसले.
डाव चांगला आहे. मुलांना अजून सवय नाही.

५ नोव्हेंबर
चिखल. हरलो.
संध्याकाळी पिकेट खोलीवर आला, आल्विनच्या कॉटवर बसायला लागला. त्याला खुर्ची दिली. म्हणाला, आल्विन असता तर त्यानेच बर्डिकला कॉलर धरून आणलं असतं आणि तुला शिव्या घातल्या असत्या. मी म्हणालो, बर्डिकचे केस अजून कानावरही आलेले नाहीत. तो उठून गेला. कॉटवरची चादर सारखी केली. झोप उत्तम लागते.

२४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा सण
शेवटची मॅच. मूडीचा खांदा निखळला, त्यामुळे बर्डिकला आत घ्यावंच लागलं. त्याला मूडीची जागा दाखवली. तो सरळ पाचरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. माफ कर कॅप्टन, म्हणाला. बाकीच्यांनी त्याच्या मागे हात अडकवले. पाचर धावत सुटली, बॉल थेट त्यांच्या रेषेपार. सीझनचं पहिलं टचडाउन.
मी जागेवरच राहिलो. बुटाची नाडी सुटली होती, असं पिकेटला सांगितलं. तो बुटाकडे बघून बरं म्हणाला.
शेवटी हरलोच. तरी लोकांनी बर्डिकला खांद्यावर घेतलं. सणाच्या टर्कीच्या जेवणाला गेलो नाही. भूक नव्हती.

२६ नोव्हेंबर
कडक थंडी. आज सगळ्यांनी केस कापले. दरवर्षी मागच्या पायरीवर बसून आल्विन माझे कापायचा, मी त्याचे. बर्डिक दारात येऊन म्हणाला, मी कापून देऊ का? नको म्हटलं. माझे मला कापता येतात.
आरसा खिडकीला टेकवला. पुढचे बरे कापले गेले. मागचे हाताला लागले तसे कापले. मग झाडू आणला आणि जमीन झाडली.