मामा की बाबा

आई, पुढचा दात पडल्यापासून माझा 'स' शिट्टी मारतो. परवा एका सभेत मी मोठ्या गांभीर्यानं 'सन्माननीय सभापती' म्हणालो, तर पहिल्या रांगेनं हवालदार आला म्हणून मागं वळून बघितलं. आयुष्यभर भाषणांतून लोकांवर दात धरून पोट भरलं, आणि दातानंच असा दगा द्यावा? तुला मात्र यातलं काही कळलं नसतं. तापात कान गेल्यापासून तू आमचं बोलणं ओठांवर वाचायचीस, आणि शिट्टी काही ओठांवर दिसत नाही.

तो दिवस तुला आठवत असेल. मी तिसरी-चौथीत आहे, तू भाकरी थापतेयस. दारातून मी सांगतो, "मामा आलेत." तुझा थोरला भाऊ गडहिंग्लजच्या एसटीतून उतरून, पिशवी घेऊन, भिंतीआड चपला काढतोय. तू माझ्या ओठांवर 'बाबा आलेत' वाचतेस आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणतेस, "आलेत तर येऊ देत की. ओवाळू व्हय त्यास्नी?" मामानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली, परत चपला घातल्या आणि तो स्टँडकडं निघाला. मी ओरडलो, "मामा चालले!" तू म्हणालीस, "आत्ता तर आलतं, लगेच कुठं चाललं हे?" गल्लीच्या तोंडाशी कामावरून येणाऱ्या बाबांनी त्याला अडवलं म्हणून बरं. दुसरी भाकरी संपेपर्यंत तो तुझ्याकडं बघत नव्हता, म्हणजे तुझ्याशी बोलतच नव्हता.

जेवणं झाल्यावर तू माझ्या गळ्यावर तळवा ठेवलास. "म्हण." 'प' म्हटलं की गळा गप्प, 'ब'ला घुमायचा, आणि 'म'ला नाकावर ठेवलेल्या तुझ्या बोटाखाली नाकही गुणगुणायचं. "तोंड तिन्हीला सारखंच मिटतंय, मुडद्या. मी काय आत शिरून बघू?" मग ठरलं, बाबा म्हणताना गळ्याला हात लावायचा, मामा म्हणताना नाकाला. मामाचं नाक मुळात भलं मोठं. त्याला तो शेवटपर्यंत टोमणाच वाटला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मिशी काढली. अख्ख्या पेठेत नाव असलेली मिशी. न्हावी हळूच म्हणाला, "कोण गेलं वो?" बाबा म्हणाले, "कोण न्हाई. बायकोला बोललेलं दिसाय पायजे."

लोक म्हणतात, मी तोंडावर बोलतो. दुसरीकडं कुठं बोलणार? तू पाठमोरी असताना बोललेलं वाया जायचं, त्यामुळं कुणाच्या पाठीमागं बोलायची सवय मला लागलीच नाही. शब्द तोंडात पुरता घडवून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून सोडायचा, हे तुझ्याकडून मिळालं. त्याच्यावरच माझं घर चालतं.

कॉलेजात मीही मिशी ठेवली, तेव्हा तू म्हणालीस, "तुझ्या बोलण्याफुडं पडदा आलाय." मी म्हणालो, "परीक्षा झाली की काढतो." परीक्षा झाली, नोकरी लागली, तू गेलीस. दहाव्याला काढली ती रीत म्हणून, ती मी धरत नाही. ती परत वाढली, आणि हल्ली तर पडलेल्या दातावर बरं पांघरूण होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, मला ठाऊक नाही. आज सकाळी मात्र मिशी काढली. बायको दारात येऊन थबकली, "अहो, कोण गेलं?"

"कोण न्हाई," म्हणालो.

ती गेल्यावर आरशापुढं, आवाज न करता, म्हणून बघितलं. मामा आलेत. बाबा आलेत. आई, मलाही ओळखता आलं नाही.